लिंबण्णाची साखर

वेदश्री नाडगीरनं बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या साडेतीन वर्षांत जगातली झाडून सगळी वैद्यकीय यंत्रं कागदावर उघडली होती. प्रत्यक्षात तिनं एकच यंत्र उघडलं होतं, ते म्हणजे घरचा मिक्सर, आणि तो पुढं तिच्या आईला पिशवीत भरून सुभाष रोडवरच्या दुकानात न्यावा लागला. दुकानदारानं पिशवीत डोकावून विचारलं, गॅलरीतून पडला का? आईनं मुलीची अब्रू राखायला हो म्हणून सांगितलं.

त्यामुळं हुबळीच्या एका दोनशे खाटांच्या हॉस्पिटलात तिला सहा आठवड्यांची इंटर्नशिप मिळाली तेव्हा धारवाडच्या घरी सगळ्यांना आनंद झाला, आणि त्याच दिवशी मिक्सर स्वयंपाकघरातल्या सगळ्यांत उंच फळीवर गेला. मुलगी आता शिकून येणार, तोवर तो तिच्या हाती लागायला नको.

हॉस्पिटलातली सगळी यंत्रं सुधींद्र गलगली या गृहस्थांच्या ताब्यात होती. पन्नाशीचे, काटक, शर्टाच्या खिशाला पेन असावं तिथं स्क्रूड्रायव्हर. पहिल्याच दिवशी त्यांनी वेदश्रीला एकच नियम सांगितला. हात मागं. म्हणजे यंत्राजवळ उभं राहताना दोन्ही हात पाठीमागं बांधायचे आणि फक्त बघायचं. तेव्हापासून वेदश्री हॉस्पिटलभर लग्नघरात व्यवस्था बघत फिरणाऱ्या वराच्या काकांसारखी हिंडत होती. सोनोग्राफी बघितली, डायलिसिस बघितलं, लॅब बघितली. डायरीत रोज एकच ओळ लिहिली, 'निरीक्षण केले.'

अडचण होती ती डायरीच्या शेवटच्या पानाची. त्या पानावर छापलं होतं, 'स्वतंत्रपणे हाताळलेले उपकरण', आणि त्यापुढं रिकामी जागा, खाली गलगली सरांची सही. ते पान भरलं नाही तर कॉलेज इंटर्नशिप धरणार नाही, आणि इंटर्नशिप धरली नाही तर वर्ष गेलं. पाच आठवडे संपले होते आणि वेदश्रीनं स्वतंत्रपणे हाताळलेलं उपकरण एकच होतं, लिफ्ट.

घरी प्रभंजनराव, म्हणजे तिचे वडील, पेशानं वकील, रोज जेवताना विचारत.

"आज काय केलंस?"

"बघितलं."

चौथ्या आठवड्यात ते म्हणाले की त्यांच्या कोर्टात नुसतं बघणाऱ्याला साक्षीदार म्हणतात, इंजिनिअर नव्हे.

लॅबमधली जुनी माणसं वेदश्रीला सांगत की गलगली सर पूर्वी असे नव्हते. दसऱ्याआधी जे इंटर्न येऊन गेले, त्यांच्या हाती सरांनी दुसऱ्या आठवड्यात स्क्रूड्रायव्हर दिला आणि तिसऱ्या आठवड्यात सही. तेव्हा सर दुपारी चारच्या चहाबरोबर दोन पेढे खात आणि गाणं गुणगुणत. मग दिवाळीच्या आधी हॉस्पिटलनं सगळ्या कर्मचाऱ्यांची तपासणी केली, सरांची उपाशीपोटीची साखर एकशे सोळा आली, आणि घरच्यांनी त्यांचे पेढे तोडले. पुढची तपासणी त्यांनी भीतीपोटी केलीच नाही. धारवाडात जन्मलेल्या माणसाला पेढ्यावाचून हुबळीत नोकरी करायला लावणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. सर त्या दिवसापासून चार वाजता बिनसाखरेचा चहा पीत आणि ज्या दिशेला धारवाड आहे त्या भिंतीकडं बघत बसत. अशा माणसाकडं सही मागायला जायची कुणाची छाती होणार?

वेदश्रीचा जीव रमला तो लॅबमध्ये, आणि त्यातही सेंट्रिफ्यूजपाशी. हे यंत्र म्हणजे एक झाकणाचं पातेलं. त्यात रक्ताच्या नळ्या गोल रचायच्या आणि मिनिटाला तीन हजार फेऱ्यांनी गरागरा फिरवायच्या. लाल भाग खाली बसतो, वर पिवळसर पाणी उरतं, आणि तपासणी त्या पाण्याची होते. फक्त एक पथ्य. प्रत्येक नळीच्या बरोबर समोर तेवढ्याच वजनाची दुसरी नळी हवी. नाहीतर यंत्राचा तोल जातो आणि ते अंगात आल्यासारखं थरथरतं. नळ्या सात आल्या तर आठवी कुठून आणायची? तर पाण्याची.

ती आठवी नळी हे वेणूअक्कांचं खातं. वेणूअक्का, म्हणजे लॅबच्या मदतनीस, अळणावरकडच्या, अठ्ठावन्न वर्षांच्या, निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या. त्यांनी तीन वर्षांपूर्वी एक नळी गाळलेल्या पाण्यानं अशी मापात भरली होती की काट्यावर ठेवली तर भरल्या रक्ताच्या नळीशी तंतोतंत जुळावी. त्या नळीचं नाव होतं कच्चा लिंबू. गल्लीत मुलं खेळतात तेव्हा एखादं शेंबडं पोर उगीच मागं लागतं, मग त्याला खेळायला घेतात पण त्याच्यावर राज्य येत नाही, तसा हा. सगळ्यांबरोबर गोल फिरायचं, पण मोजणीत धरायचं नाही.

"तूबी आत्ता तेच की," वेणूअक्का वेदश्रीला म्हणाल्या होत्या. "पण बघ हं, तो नसला की सगळ्यांचा खेळ बिघडतो."

वेदश्रीला पाच आठवड्यांत कुणी दिलेला हा सगळ्यांत मोठा मान होता.

चौथ्या आठवड्याच्या सुरुवातीलाच हॉस्पिटलात बारकोड आले होते. नवा नियम असा निघाला की लॅबमधल्या प्रत्येक नळीवर बारकोडाची चिठ्ठी हवी. ज्या नळीवर ती नाही, ती नळी संध्याकाळी पिवळ्या पिशवीत, आणि पिशवी थेट भट्टीत. पहिल्याच दिवशी कच्चा लिंबू पिशवीत गेला. वेणूअक्कांनी तो हातमोजे घालून शोधून काढला, धुतला, पुसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी तो वेळेवर सापडलाच नाही, लॅबचा तंत्रज्ञ दीपक यानं सात नळ्यांवरच सेंट्रिफ्यूज चालू केलं, आणि ते यंत्र टेबलावरून चालायला लागलं. अगदी शांतपणे, कडेकडेनं, बाहेर काही काम असल्यासारखं. दीपकनं त्याला मिठी मारून धरलं आणि ते थांबेपर्यंत तो स्वतःही थरथरत राहिला. त्या दिवशी त्याची सही चार कागदांवर वेगवेगळी आली.

वेणूअक्कांचे डोळे भरून आले. तीन वर्षं सांभाळलेली नळी. वेदश्रीला ते बघवेना. तिनं दुपारी, गलगली सर भिंतीकडं बघत असताना, नोंदणीच्या कॉम्प्युटरवर बसून कच्च्या लिंबूला चिठ्ठी काढून द्यायचं ठरवलं.

पण कॉम्प्युटर माणसापेक्षा चौकस. चिठ्ठी हवी तर पेशंट हवा. पेशंट हवा तर नाव हवं. तिनं नाव लिहिलं, लिंबण्णा. आडनाव सक्तीचं होतं, तिनं लिहिलं नीरलकट्टी. कन्नडमध्ये नीर म्हणजे पाणी, तेवढाच आपला प्रामाणिकपणा. वय वेणूअक्कांना विचारलं, त्या म्हणाल्या माझ्याएवढं घाल. फोन नंबर दिल्याशिवाय पान पुढं सरकेना, तिनं स्वतःचा दिला. डॉक्टरांच्या यादीत सगळ्यांत वर भाग्यलक्ष्मी मॅडमचं नाव होतं, ते निवडलं. शेवटी कॉम्प्युटरनं विचारलं, तपासणी कोणती? काहीतरी एक निवडणं भागच होतं. तिनं निवडली साखर.

चिठ्ठी निघाली. लांबलचक होती, नळीला सगळ्या बाजूंनी गुंडाळली गेली. आणि लिंबण्णा नीरलकट्टी, वय अठ्ठावन्न, सेंट्रिफ्यूजमध्ये अब्रूनं फिरू लागला. पिवळ्या पिशवीनं पुन्हा त्याच्याकडं वाकडा डोळा करून बघितलं नाही. फेऱ्या संपल्या की वेणूअक्का त्याला काढून आपल्या स्टँडवर उभा करत आणि बाकीच्या नळ्या दीपककडं तपासणीला देत. कॉम्प्युटरमध्ये त्याच्या नावापुढं अकरा दिवस 'प्रलंबित' दिसत राहिलं. सरकारी कामाची सवय असलेल्या माणसांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

बाराव्या दिवशी वेणूअक्का भाचीच्या साखरपुड्याला अळणावरला गेल्या.

त्या सकाळी दीपकनं सेंट्रिफ्यूजमधल्या सगळ्या नळ्या काढल्या, झाकणं उघडली आणि ओळीनं तपासणीच्या मोठ्या यंत्रात लावल्या. नळीत काय आहे ते त्यानं बघितलं नाही. आता नळी बघायची नाही, बारकोड बघायचा, असं त्याला दोन दिवसांच्या प्रशिक्षणात शिकवलं होतं, आणि आयुष्यात प्रथमच त्यानं प्रशिक्षणात सांगितलेलं काहीतरी पाळलं होतं.

वीस मिनिटांत अहवाल आला. लिंबण्णा नीरलकट्टी, साखर एकवीस.

इथं थोडं सांगायला हवं. साखर चाळीसच्या खाली आली की लॅबनं पाच मिनिटांत डॉक्टरांना फोन करायचा, असा नियम आहे, कारण असा माणूस कोणत्याही क्षणी कोसळू शकतो. एकवीस म्हणजे तर तो कोसळून वर थोडा वेळ गेलेला असतो. दीपकनं फोन केला. डॉक्टर भाग्यलक्ष्मींना हा पेशंट आठवेना, पण दिवसाला ऐंशी पेशंट बघणाऱ्या बाईला कोण आठवणार? त्या खुर्चीतून उठल्या आणि सगळं हॉस्पिटल उठलं. भोंग्यावरून कन्नडमध्ये, मग मराठीत, मग हिंदीत पुकारा झाला की लिंबण्णा नीरलकट्टी जिथं असतील तिथं त्यांनी बसून घ्यावं. परिणामी कॉरिडॉरमधले उभे असलेले बरेचसे लोक खबरदारी म्हणून खाली बसले. काम आणखी अवघड झालं.

एवढ्यात सिक्युरिटीवाल्याला लिंबण्णा सापडला.

ओपीडीच्या बाकावर एक म्हातारा मान टाकून, तोंड उघडं ठेवून पडला होता. सिक्युरिटीवाल्यानं खांदा हलवून विचारलं, लिंबण्णा? म्हातारा म्हणाला, हूं. खरं तर तो कुठल्याही प्रश्नाला हूंच म्हणत असे. अळणावरच्या लाकडाच्या गिरणीत करवतीपाशी तीस वर्षं काढल्यावर माणूस ऐकू आलं नाही तरी हूं म्हणायला शिकतो. त्याचं नाव बाबाजी. पुतण्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून तो पहाटेच्या गाडीनं आला होता आणि जरा डोळा लागला होता. डोळा उघडला तेव्हा तो स्ट्रेचरवर होता, चार माणसं त्याला पळवत नेत होती, आणि एक नर्स त्याच्या तोंडाला ग्लुकोजचं गोड पाणी लावत होती. त्यानं ते पूर्ण संपवलं आणि ग्लास पुन्हा पुढं केला.

डॉक्टर भाग्यलक्ष्मींनी बोटाला सुई टोचून छोट्या यंत्रावर त्याची साखर बघितली. एकशे आठ. पुन्हा बघितली. एकशे बारा. त्यांनी वाकून, मोठ्यानं, नाव विचारलं.

"बाबाजी," म्हातारा म्हणाला. "पण असाच पाहुणचार असेल तर लिंबण्णा म्हणा की. माझी ना नाही."

वेदश्री या वेळी तिसऱ्या मजल्यावर, हात मागं बांधून, गलगली सर एक व्हेंटिलेटर तपासत होते ते बघत होती. भोंग्यावरचा पुकारा ऐकला आणि तिनं पाठीमागचे हात आणखी घट्ट बांधले. सर म्हणाले, बिचारा कोण आहे कुणास ठाऊक, चल बघू. ती त्यांच्यामागून जिना उतरू लागली. उतरता उतरता तिनं कबुलीजबाब जुळवला. तिसऱ्या मजल्यावर तो सहा वाक्यांचा होता, कारणांसकट. दुसऱ्यावर दोन वाक्यं उरली. तळमजल्यावर पोचेपर्यंत नुसतं 'सर' एवढंच राहिलं.

लॅबच्या दारात डॉक्टर भाग्यलक्ष्मी, दीपक, सिक्युरिटीवाला आणि स्ट्रेचरवर तिसरा ग्लास पीत बसलेले बाबाजी अशी सभा भरली होती. मॅडम म्हणत होत्या की हे जर ते नव्हेत, तर ते अजून कुठंतरी पडलेत, नोंदणीतला नंबर द्या. दीपकनं नंबर वाचून दाखवला. मॅडमनी लावला.

वेदश्रीच्या एप्रनचा खिसा वाजू लागला.

तिनं फोन काढला. आता न उचलून काय होणार होतं? चार फुटांवर उभ्या असलेल्या मॅडमचा आवाज तिला एकदा हवेतून आणि एकदा फोनमधून ऐकू आला.

"लिंबण्णांच्या घरून बोलताय का?"

"हो," वेदश्री म्हणाली, कारण एका अर्थी ते खरं होतं.

"पेशंट कुठं आहेत?"

"यंत्रात. एरवी स्टँडवर असतात." मग तिनं फोन कानावरून खाली घेतला. "ती नळी आहे, मॅडम. पाण्याची. चिठ्ठी मी काढली."

मग तिनं सगळं सांगितलं. पिवळी पिशवी, वेणूअक्कांचे डोळे, चालत निघालेलं सेंट्रिफ्यूज, सगळं. बाबाजी मध्ये दोनदा हूं म्हणाले.

गलगली सर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता हात पुढं केला आणि तिच्याकडून डायरी मागून घेतली. शेवटचं पान उघडलं, कोरं होतं, मिटलं. म्हणाले, खोटा पेशंट नोंदवणं ही गंमत नव्हे, यात खरा कुणी माणूस वाट बघत राहिला असता. कॉलेजला मी आजच कळवतो. उद्यापासून येऊ नकोस.

ते बरोबरच होतं. वेदश्रीनं मान हलवली. दाराकडं वळली. आणि वळता वळता तिची नजर दीपकच्या हातातल्या कागदावर पडली. एकवीस. ती थांबली. पाच आठवड्यांत पहिल्यांदाच तिचे हात पाठीमागून सुटून पुढं आले, आणि तिनं तो कागद घेतला.

"सर, जाते मी. पण पाण्यात साखर एकवीस कशी काय आली?"

दीपकनं मान पुढं करून तो आकडा पुन्हा वाचला.

दीपक म्हणाला, कुणी साखर घातली असेल. लगेच अळणावरला फोन लावून स्पीकरवर ठेवला गेला. मागं सनई होती, बायकांचा कलकलाट होता. वेणूअक्कांना प्रश्न कळायला वेळ लागला, आणि कळला तेव्हा राग आला.

"गाळलेलं पाणी हाय ते. मी काय सरबत घातलं होय?" एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला, कारण तिकडं अंगठी सापडत नव्हती.

"आपल्या नळाला पाणी आठ दिवसांनी येतं," डॉक्टर भाग्यलक्ष्मी सावकाश म्हणाल्या. "येतं ते मलप्रभेचं. मलप्रभेला साखर असती तर सगळी हुबळी माझ्याच दारात दिसली असती, गलगली." मग त्यांनी ओपीडीकडं बोट केलं. "आणि दसऱ्यापासून ती दिसतेच आहे."

आता हे जुनं प्रकरण होतं. दसऱ्यानंतर मॅडमनी तीनदा तक्रार केली होती की चांगल्या धडधाकट माणसांची साखर अधूनमधून थोडी वर येते, तुमचं यंत्र बघा. सरांनी तिन्ही वेळा उत्तर दिलं होतं की मॅडम, आपण धारवाडच्या शेजारी राहतो, यंत्राला कशाला दोष देता? आणि हे सगळ्यांना पटलं होतं, मॅडमनाही. दुसऱ्या कुठल्या गावात लोकांची साखर वाढली असती तर यंत्र उघडून बघितलं असतं. इथं सगळ्यांनी पेढ्याकडं बोट दाखवलं आणि विषय मिटवला. खुद्द सरांनी स्वतःच्या एकशे सोळाबद्दलही पेढ्यालाच जबाबदार धरलं होतं.

शिवाय यंत्राची रोजची परीक्षा होतच होती. रोज सकाळी ठरलेल्या साखरेच्या दोन बाटल्या यंत्राला देत, आधी कमी साखरेची, मग जास्तीची. दोन्ही आकडे बरोबर येत.

"आधी कमी, मग जास्त," वेदश्री पुटपुटली. पाच आठवडे नुसतं बघत राहिलेल्या माणसाच्या डोक्यात बरंच काही साठलेलं असतं. तिनं ते आता सांगितलं. या यंत्रात एकच सुई प्रत्येक नळीत बुडते, मध्ये एका छोट्या वाटीत धुतली जाते आणि पुढच्या नळीत जाते. म्हणजे पंगतीत एकाच पळीनं सगळं वाढायचं, मध्ये फक्त पळी विसळायची. आता विसळायचं पाणीच येत नसेल तर? आधी ताक वाढून मग बासुंदी वाढली तर कुणाला कळणार नाही. पण आधी बासुंदी आणि मग ताक वाढलं तर ताक गोड लागेल.

"लिंबण्णाच्या आधी कोणाची नळी होती?" सरांनी विचारलं. आवाज बदलला होता.

दीपकनं यादी बघितली. कमरीपेठेतले एक गृहस्थ, साखर चारशे तीस.

करून बघायला तासभर लागला. पाण्याच्या तीन नळ्या भरल्या. पाण्यामागून पाणी लावलं, साखर शून्य. चारशे तीसवाल्यांमागून पाणी लावलं, साखर बावीस. दीपकनं न सांगता पुन्हा एकदा लावून बघितलं. एकवीस. दीपक खुर्चीत बसला. हॉस्पिटलात दिवसाला शेकडो नळ्या येत होत्या, पण ज्याचं बरोबर उत्तर आधीपासून सगळ्यांना ठाऊक आहे आणि जो कुणाच्याही मागून रांगेत उभा राहायला तयार आहे, असा पेशंट आजवर एकच आला होता.

सरांनी सगळ्यांत आधी यंत्र थांबवलं आणि त्या दिवसाच्या नळ्या शेजारच्या जुन्या यंत्राकडं वळवल्या. मग खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. त्याच्याकडं बघितलं. वेदश्रीकडं बघितलं. आणि मुठीची बाजू तिच्याकडं करून तो पुढं धरला.

"माझा चष्मा घरी आहे," ते म्हणाले. चष्मा त्यांच्या नाकावर होता.

वेदश्री यंत्रामागं गुडघ्यांवर बसली. पाठीचं झाकण सहा स्क्रूंचं होतं. पहिला काढायला मिनिटभर लागलं, चौथा आपसूक सुटला. मिक्सरच्या वेळी तिनं स्क्रू कुठं ठेवले ते विसरली होती. या वेळी ओळीनं स्ट्रेचरच्या कडेवर ठेवले, आणि बाबाजींनी प्रत्येकावर बोट ठेवून राखण केली. आत धुण्याच्या पाण्याची नळी होती, करंगळीहून बारीक. तिचा माग काढत काढत वेदश्री खाली गेली आणि तिथं तिला ते दिसलं. यंत्राचा डावा पाय त्या नळीवर होता. चार महिने नव्वद किलोचं यंत्र स्वतःच्याच नळीवर उभं होतं. आणि पायाखाली नळीबरोबर आणखीही काही चेपलं गेलं होतं. तिनं ते चिमटीत धरून बाहेर काढलं.

वाळलेली झेंडूची पाकळी. आणि खाली जमिनीवर, गुलाबी रांगोळीचा अर्धा ठिपका.

सगळ्यांना एकदम आठवलं. खंडेनवमी. त्या दिवशी सगळ्या यंत्रांची पूजा झाली होती, हळदकुंकू, हार, नारळ. समोर मोठी रांगोळी काढायची म्हणून या यंत्राला दीड वीत मागं ढकललं होतं आणि संध्याकाळी परत पुढं ओढलं होतं. ढकलणारे चौघं होते. पण बाजूला उभं राहून 'आणखी थोडं, आणखी थोडं, बस' असं सांगणारा माणूस एकच होता, आणि नारळही त्यानंच फोडला होता.

गलगली सरांनी ती पाकळी तळहातावर घेतली.

"हात मागं," ते स्वतःलाच म्हणाले, आणि खरोखरच हात पाठीमागं बांधून उभे राहिले.

वेदश्रीनं नळीचा चेपलेला तुकडा कापून नवी नळी जोडली, चौघांनी यंत्र उचलून नीट ठेवलं, झाकण बसलं, सहाच्या सहा स्क्रू परत गेले. एकही उरला नाही, हे तिनं दोनदा मोजून बघितलं. मग चारशे तीसवाल्यांमागून लिंबण्णाला उभं केलं. वीस मिनिटं कुणी जागचं हललं नाही. आकडा आला, शून्य. लॅबमध्ये टाळ्या पडल्या. नाडगीरांच्या घराण्यात शून्यावर टाळ्या पडल्याचा हा पहिलाच प्रसंग.

डॉक्टर भाग्यलक्ष्मींनी दसऱ्यापासूनचे काठावरचे सगळे अहवाल काढायला लावले. दोनशे बारा माणसं निघाली. सगळ्यांना फोन करून, चूक आमची असं स्पष्ट सांगून, फुकट तपासणीला बोलवायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहापासून रांग लागली. एरवी तपासणीच्या रांगेत माणसं पडेल चेहऱ्यानं उभी असतात. ही रांग लग्नाच्या बुफेसारखी होती. अहवाल हातात पडला की बाहेर जाऊन लोक घरी फोन करत, आणि फोनवर पहिलं वाक्य खाण्याचंच असे. एका निवृत्त मास्तरांनी तर पायरीवर बसून खिशातला पेढा काढला. तो ते चार महिने, केवळ जवळ असावा म्हणून, खिशात बाळगत होते की काय, हे विचारायचं कुणाला धाडस झालं नाही.

यादीत एकशे त्रेचाळिसावं नाव सुधींद्र गलगली होतं. सर रांगेत उभे राहिले. उपाशी होते, गंभीर होते. वेणूअक्का अळणावरहून बुंदीचे लाडू घेऊन परतल्या होत्या. त्यांनी सरांची नळी स्वतः सेंट्रिफ्यूजमध्ये ठेवली आणि समोर तोल सांभाळायला लिंबण्णाला बसवलं. दीपकनं ती यंत्रात लावली. लॅबमधली सगळी माणसं काहीतरी काम करत असल्याचं दाखवत होती. वेदश्रीची डायरी अजून सरांच्या टेबलावर तशीच होती, आणि कॉलेजला कळवायचं पत्रही तिथंच, अर्धं लिहिलेलं.

ब्याण्णव.

सरांनी कागद वाचला. घडी घालून खिशात ठेवला. बाहेर गेले आणि स्कूटर चालू झाल्याचा आवाज आला. पाऊण तासानं परत आले तेव्हा हातात पेढ्यांचा एक किलोचा डबा होता, आणि त्यातले चार आधीच कमी होते. त्यांनी डबा सगळ्यांपुढं फिरवला, अपेंडिक्सवाल्या पुतण्याच्या खाटेशी बसलेल्या बाबाजींनाही वर दोन पाठवले. मग खुर्चीत बसून, डोळे मिटून, पाचवा पेढा खाल्ला. खाताना काहीतरी गुणगुणले. दीपक म्हणाला, सुरात नव्हतं, पण चार महिन्यांची सवय सुटलेली.

मग त्यांनी पत्र फाडलं आणि वेदश्रीला बोलावलं. म्हणाले, खोटी नोंद केलीस ती केलीसच, त्याचं एक पान माफीपत्र मला लिहून दे, ते मी फाइलला लावणार. तिनं हो म्हटलं. मग त्यांनी डायरी ओढली आणि शेवटच्या पानावर, 'स्वतंत्रपणे हाताळलेले उपकरण' यापुढं, मोठ्या अक्षरात यंत्राचं नाव लिहिलं. खाली सही. सहीवर बोटाचा तूपकट ठसा उमटला, तो पुसायच्या नादात आणखी पसरला. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी थोडा विचार केला आणि लिहिलं, 'सहकार्य: श्री. लिंबण्णा नीरलकट्टी.'

लिंबण्णाची खोटी नोंद त्याच दिवशी रद्द झाली आणि त्याला रीतसर जागा मिळाली. आता रोज सकाळी जास्त साखरेच्या बाटलीमागून, पेशंटांच्या आधी, त्याची नळी लागते आणि शून्य आल्याशिवाय लॅब उघडत नाही. म्हणजे रोज पहिलं राज्य त्याच्यावर. वेणूअक्का म्हणतात, आता त्याला कच्चा म्हणायचं नाही.

त्या संध्याकाळी धारवाडला जाणाऱ्या चिगरी बसमध्ये वेदश्रीच्या फोनवर मेसेज आला. 'प्रिय लिंबण्णा, आमच्या हॉस्पिटलातील आपला अनुभव कसा होता?' नोंद रद्द झाली तरी कॉम्प्युटरला माया राहिली होती. तिनं वाटेतलं नवलूर येईपर्यंत विचार केला आणि पाचपैकी पाच तारे दिले.

घरी प्रभंजनरावांनी वाढायच्या आतच विचारलं, आज काय केलंस?

"काल एक यंत्र उघडलं," वेदश्री म्हणाली. "आणि बंद केलं. स्क्रू एकही उरला नाही."

प्रभंजनरावांनी डायरी मागितली. शेवटचं पान वाचलं, वकिलासारखं, दोनदा. मग हा लिंबण्णा नीरलकट्टी कोण, चांगला माणूस दिसतो, असं विचारलं. ती सांगायला लागली, आणि तिची आई ऐकता ऐकता उठली, स्टुलावर चढली, आणि सगळ्यांत उंच फळीवरचा मिक्सर काढून पुसून ओट्यावर ठेवला. अर्थात, प्लग न लावता.